खंडेनवमीचा पोचा

चंदना बिरनाळे जळत होती. आडपडदा कशाला ठेवायचा? सांगलीजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात सतरा वर्षं शिकवणारी, आष्ट्याच्या बिरनाळ्यांची थोरली सून, दोन मुलांची आई, चातुर्मासात कांदा-लसणाला हात न लावणारी, दिवस मावळायच्या आत जेवून मोकळी होणारी अशी ही शहाणीसुरती बाई. आणि ती एका सव्वीस वर्षांच्या पोरीवर जळत होती, तेही पत्र्याला पाडलेल्या एका चिरेवरून.

आता पत्रा, चीर आणि जळणं यांचा एकमेकांशी काय संबंध, असं कुणीही विचारील. तिच्या सासूबाईंनी, गुणमालाबाईंनी, एकदा विचारलंच. "आठ वर्षं झाली गं तुझी ती पीएचडी चाललीय. पोराच्या मुंजीएवढं वय झालं तिचं. तू करतीस तरी काय तिथं?"

चंदनाने ओट्यावरची दुधाची रिकामी पिशवी धुतली, कापून सपाट केली, मधोमध ब्लेडने आडवी चीर दिली आणि वरचं टोक सासूबाईंच्या हातात दिलं. खालचं स्वतः धरलं. "ओढा."

गुणमालाबाईंनी ओढलं. पिशवी ताठ झाली, चीर जराशी उघडली, आणि चिरेच्या दोन्ही कडा फुगून बाहेर आल्या.

"अगोबाई! हे ओठ काढून रुसलं की!"

"तेच तर. ओढल्यावर खरं म्हणजे ताठ व्हायला पाहिजे. पण चिरेपाशी फुगतं. विमानाला असतो तसला पातळ पत्रा घेतला तरी तेच. किती ओढल्यावर फुगेल तो आकडा मी आधी कॉम्प्युटरवर काढते. मग खरा पत्रा मशीनला लावून ओढायचा. दोन्ही आकडे जुळले की झालं."

"मग जुळले का?"

चंदनाने पिशवी चुरगाळून टाकली आणि कुकर लावायला घेतला. जुळले असते तर आठ वर्षं कशाला लागली असती?

डिसेंबरअखेर तिच्या नोंदणीची मुदत संपत होती. दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा विद्यापीठ वाढवणार नव्हतं. प्रबंधाचे पाच अध्याय तयार होते, शेवटचा अडला होता. तिचे मार्गदर्शक देशमाने सर स्पष्ट बोलून चुकले होते, "चंदना, एक तरी चाचणी जुळलेली दाखव. जुळली नाही तर मी सही करणार नाही. मला तुझ्याबद्दल कितीही वाटत असलं तरी." म्हणजे सगळी आठ वर्षं एका आकड्यावर येऊन थांबली होती.

सरांना तिच्याबद्दल वाटायचं, हे खरं होतं. आणि दुखणं नेमकं तिथंच होतं. पहिली पाच वर्षं सरांच्या केबिनमध्ये दुसरी खुर्ची चंदनाची असायची. सकाळी आठला सरांचा फोन यायचा, "कुठवर आलं?" डब्यातली शेंगदाण्याची चटणी सर हक्काने मागून घ्यायचे. पाहुणे आले की सांगायचे, "ही आमची चंदना, हिच्यासारखं चिकाटीनं काम करणारं माणूस या जिल्ह्यात नाही." आणि मग सृष्टी आली.

सृष्टी जाधव. साताऱ्याकडची, कोरेगावच्या पुढच्या कुठल्याशा गावची. बाप सुभेदार म्हणून निवृत्त झालेला, त्यामुळे पोरीची चाल ताठ, केस आखूड आणि बोलणं सरळ. एम.टेक. करून थेट पीएचडीला बसली. पहिल्याच महिन्यात चंदनाचं सेमिनार होतं. चंदनाने आलेख दाखवले, तिचा पत्रा किती ओढला तरी फुगत कसा नाही यावर तिने एक लांबलचक उपपत्तीही मांडली. प्रश्न विचारा म्हटल्यावर मागच्या रांगेतून हात वर झाला.

"मॅडम, पत्र्याला खोट दिलीय का?"

हा प्रश्न काय होता ते सांगायला हवं, नाहीतर चंदनाचं तोंड का उतरलं ते कळायचं नाही. कॉम्प्युटरमधला पत्रा भलता गुणी. आपण त्याचे हजारो बारीक चौकोन पाडतो, खालची कड धरून वरची ओढतो. पण तो इतका एकसारखा सपाट असतो की पुढं फुगावं की मागं, हे ठरवायला त्याला काही कारणच नसतं. मग तो फुगतच नाही, सरळ उभा राहतो. म्हणून आधी त्याला केसाएवढा बाक द्यायचा, एक खोट द्यायची. खरा पत्रा असा निर्दोष कधीच नसतो. हे चंदनाला ठाऊक नव्हतं असं नाही. वर्गात हे तीच शिकवायची! पण तिच्या फाइलमध्ये ती खोट वाचणारी ओळच टाकायची राहून गेली होती. आठ महिने पत्रा सरळ उभा होता, आणि आठ महिने ही त्याची कारणं शोधत होती.

"एक ओळ राहिलीय, मॅडम," सृष्टी पडद्याकडे बोट करून म्हणाली. वाईट हेतूने नाही, पटकन सांगून टाकलं. सर हसले. सर हसले हे चंदना विसरली नाही.

त्यानंतर दुसरी खुर्ची हळूहळू सृष्टीची झाली. सकाळचा फोन बंद झाला. "सृष्टीला विचारून घे," असं सर चंदनालाच सांगायला लागले. पोरीचे आकडे यायचेही जवळजवळ बरोबर. ती चिरेच्या टोकापाशी चौकोन बारीक करायची, पत्र्याला ज्या आकारात फुगायची ओढ असते त्याच आकाराची खोट द्यायची, आणि दुपारपर्यंत आकडा हजर. चंदनाने तेच केलं तरी ती आठ-दहा किलोंनी चुकायची. का चुकतंय ते कळायचं नाही, आणि विचारायचं कुणाला, तर सृष्टीला! जीभ झडली असती तरी तिने विचारलं नसतं.

बरं, पोरगी गोड. पाचगणीला तिच्या मामाची स्ट्रॉबेरी होती, हंगामात पहिली टोपली चंदनाच्या टेबलावर ठेवायची. "मॅडम, मुलांना न्या." मुलं मिटक्या मारत खायची आणि चंदनाला सगळी टोपलीच उकिरड्यावर ओतावीशी वाटायची. तिच्या हसण्याचा राग यायचा. तिच्या स्कूटीच्या हॉर्नचा राग यायचा. पर्युषण संपल्यावर क्षमावाणीच्या दिवशी चंदनाने दरवर्षीप्रमाणे सगळ्यांना एकच निरोप पाठवला, कळत-नकळत काही दुखावलं असेल तर क्षमा असावी. सृष्टीचं उत्तर लगेच आलं, "मॅडम, तुम्ही काय केलंय क्षमा मागण्यासारखं?" चंदनाने फोन उशीवर आपटला. कारण तोवर तिने खरंच काही केलं नव्हतं, नुसती जळत होती.

ऑक्टोबर उजाडला. विद्यापीठाच्या समितीने शेरा मारला होता, की आपण आधी पत्रा ओढता, मग खोट कमीजास्त करून आकडा जुळवता असं दिसतं. सरांना झोंबलं. त्यांनी फर्मान काढलं, "दसरा झाला की गुरुवारी नवीन गठ्ठ्यातला एक नंबरचा पत्रा लावायचा. तुम्ही दोघींनी आपापला आकडा आधी पाकिटात बंद करून द्यायचा. पत्रा एकच, मशीन एकच. बघूया." चंदनाकडे वळून म्हणाले, "तुझा जुळला तर अध्याय पूर्ण. समितीलाही बोलायला जागा नाही."

नवीन गठ्ठा सहा पत्र्यांचा होता. अॅल्युमिनियमचे, अर्ध्या मिलिमीटर जाडीचे. प्रत्येकाच्या मधोमध बोटभर लांब चीर. ती आकारामने कापलेली, सोनाराच्या बारीक करवतीने, जीभ दातात धरून. आकाराम हा प्रयोगशाळेचा सर्वेसर्वा. फौजेत रणगाडे दुरुस्त करून आलेला माणूस, आता एक टनाचं छोटं ओढमशीन सांभाळत होता आणि त्यालाही रणगाड्याच्याच मानाने वागवायचा. कुणी मशीनवर पाण्याची बाटली ठेवली की ओरडायचा, "आवं, त्यो काय चहाचा गाडा हाय व्हय?"

खंडेनवमीला प्रयोगशाळेत पूजा असायची. यंत्रं पुसायची, झेंडूच्या माळा घालायच्या, हत्यारं मांडायची. आकारामने यंदा हौसेने ते सहा पत्रेही पूजेला मांडले. स्टुलावर टॉवेलची घडी, त्यावर पत्रे, दोन-दोनमध्ये वर्तमानपत्र, वर हळदीकुंकू आणि आपट्याची दोन पानं. "ह्या वर्साला ह्यांच्यावरच हाय समदं," असं म्हणाला. प्राचार्य आले. त्यांना आणखी चार विभागांत नारळ फोडायचे होते. त्यांनी नारळ उचलला, मशीनच्या पायथ्यावर हाणायला हात वर नेला आणि ओला नारळ हातातून सटकला. सटकला तो थेट वरच्या पत्र्यावर, टोकावर पडला आणि घरंगळत खाली गेला. लोक हसले, प्राचार्यही हसले, कुणीतरी नारळ उचलून दिला, दुसऱ्या फटक्यात फुटला. आकाराम खाली वाकून कापूर पेटवत होता. सृष्टी दाराशी प्रसादाच्या पुड्या बांधत होती.

आरतीचं ताट हातात घेऊन स्टुलाला खेटून उभी होती एकटी चंदना. तिने पाहिलं. चिरेच्या डाव्या टोकाजवळ, वरच्या ओठाला, रुपयाच्या नाण्याएवढा पोचा पडला होता. वर कुंकू सांडलेलं होतं म्हणून चटकन दिसत नव्हता. वरचा पत्रा, म्हणजे एक नंबरचा, गुरुवारचा.

'सर, पत्र्याला लागलंय' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? तोंडात शब्द आलेही होते. पण त्याच वेळी सर दाराकडे बघून म्हणाले, "सृष्टी बेटा, माझी पुडी राखून ठेव हं." चंदनाने तोंड मिटलं आणि आरती म्हणायला लागली.

घरी जाताना बसमध्ये तिच्या डोक्यात गिरणी सुरू झाली. ह्या पत्र्याची खोट आता केसाएवढी राहिली नाही, चांगली मोठी झाली, आणि नेमकी ओठावर. हा पत्रा लवकर फुगणार, फारच लवकर. सृष्टी नेहमीची खोट देणार आणि तोंडावर आपटणार. सगळ्यांसमोर! ती कल्पनाच इतकी गोड होती की आष्ट्याचा स्टँड आला तरी चंदना बसून राहिली. कंडक्टरने हटकलं तेव्हा उतरली.

आणि मग तिला आणखी एक गोष्ट सुचली. इथं तिच्या हुशारीला नावं ठेवता येणार नाहीत. खोट अंदाजाने कशाला द्यायची? पत्रा समोर आहे. तो जसा आहे तसा मोजायचा आणि तोच आकार कॉम्प्युटरला द्यायचा. आपण आठ वर्षं आठ-दहा किलोंनी का चुकलो तेही तिला त्या क्षणी लख्ख दिसलं. प्रत्येक पत्र्याचा बाक आपला आपला असतो, आणि आपण सगळ्यांना एकच देत बसलो!

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आकाराम जेवायला गेला तेव्हा चंदनाने एक नंबरचा पत्रा अलगद काढला, कुंकू तसंच ठेवून सपाट ओट्यावर मांडला, आणि डायल गेजचा काटा टेकवत टेकवत एकशे त्रेचाळीस जागी उंची टिपली. पोच्यापाशी दाट, इतरत्र विरळ. पोचा दीड मिलिमीटर खोल भरला. पत्रा जागच्या जागी गेला. हात धुताना ती स्वतःशी म्हणत होती, यात लबाडी कसली? जो पत्रा ओढणार तोच मोजला. तिला डोळे असतील तर तिनेही बघावं.

तिला डोळे होते, हीच तर पंचाईत. मंगळवारी दुपारी सृष्टी चंदनाच्या टेबलापाशी आली. "मॅडम, पाकीट द्यायच्या आधी पत्रे एकदा बघून घेऊया का दोघी? पूजेत मांडले होते म्हणून म्हटलं."

चंदनाने मान वर केली नाही. "आकाराममामांनी बघितलेत. कशाला हात लावतेस? घामाचे डाग पडतात."

"बरं," सृष्टी म्हणाली, आणि गेली. इतक्या सहज गेली, की चंदनाला क्षणभर हाक मारावीशी वाटली. मारली मात्र नाही.

गुरुवारी दहा वाजता सगळे जमले. सरांनी दोन पाकिटं टेबलावर ठेवली आणि वर पेपरवेट. आकारामने एक नंबरचा पत्रा मशीनच्या जबड्यात धरला, वरून-खालून आवळला, चिरेच्या ओठाला डायल गेज टेकवलं. काटा अर्धा मिलिमीटर सरकला की तो फुगण्याचा आकडा धरायचा, असं ठरलेलं. चंदनाच्या पाकिटात बावन्न किलो होते. सृष्टीच्या पाकिटात काय असेल त्याचा तिला अंदाज होताच.

मशीन घरघरलं. वीस. तीस. चाळीस. पन्नास. आता. एकावन्न, बावन्न, त्रेपन्न. काटा जागचा हलला नाही. साठ झाले. चंदनाला वाटलं गेजच अडकलंय. सत्तर. काटा थरथरला, आणि शहात्तरला टुणकन पुढं गेला. पत्र्याचा ओठ आरशासारखा वळला आणि खिडकीतला उजेड छतावर नाचला.

सरांनी पाकिटं फोडली. सृष्टी, सत्त्याहत्तर. चंदना, बावन्न.

सर चष्मा पुसत म्हणाले, "चंदना, हे काय गं? दहाने चुकायचीस, आता चोविसाने चुकलीस?" आवाजात राग नव्हता, कीव होती. आठ वर्षं गेली. सही गेली. आणि कुणासमोर गेली!

"दाखव बरं तुझा पत्रा," सर म्हणाले. नाही म्हणायची सोय नव्हती. तिने लॅपटॉप उघडला. पडद्यावर पत्रा आला, चौकोनांची जाळी, मधोमध चीर, आणि चिरेच्या डाव्या टोकापाशी वरच्या ओठावर एक गडद निळा खड्डा.

"हा खड्डा कुठून आणलास? असला आकार कुणी देतं का? काय विचार करून दिलास?"

चंदना काय सांगणार होती? विचार करून नव्हे, पाहून दिला, हे सांगायचं तर केव्हा पाहिला ते सांगावं लागणार.

तेवढ्यात आकाराम पुढं झाला. त्याने मान वाकडी करून पडदा निरखला, बोट लावलं, आणि त्याचा चेहरा उजळला. "सर! ह्यो पोचा माझ्या वळकीचा हाय की!"

"म्हणजे?"

"सांगतो. रागावू नगा. हळदीकुकू पुसाया घेतलं काल, तवा दिसलं, वरच्या पत्र्याला पोचा. प्राचार्यसायबांच्या हातनं नारळ पडला न्हवं का, त्योच. आता सायबांचं नाव कशाला घ्यायचं म्हनून म्या त्यो पत्रा गुमान कपाटात टाकला, आन खालच्यांचं नंबर बदललं. दोनाचा एक केला. मला वाटलं, कुनाला काय म्हाईत हुतंय." आकारामने कपाट उघडलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेला पत्रा काढला आणि अभिमानाने वर धरला. "बगा. डाव्या अंगाला, वरल्या ओटाला. मॅडमनी अक्षी हुबेहूब काढलाय. लय बारीक मोजलंय, मॅडम!"

बिचारा. त्याला वाटलं, तो तिला वाचवतोय.

सर पडद्याकडे बघत होते, मग पत्र्याकडे, मग परत पडद्याकडे. त्यांच्यातला मास्तर जागा झाला होता, बाकी काही त्यांना दिसत नव्हतं. "लाव. लाव रे हाच पत्रा! आत्ता लाव!"

आकारामने पत्रा बदलला. चंदना मशीनकडे बघत नव्हती. ती सृष्टीकडेही बघत नव्हती, पण सृष्टी आपल्याकडे बघतेय हे तिच्या मानेला कळत होतं. मशीन घरघरलं. चाळीस. पंचेचाळीस. पन्नास. काटा हळूच निघाला आणि अर्ध्या मिलिमीटरवर आला तेव्हा सर ओरडले, "साडेएकावन्न!"

बावन्नला साडेएकावन्न. आठ वर्षांत कधी जुळला नव्हता, तो असा जुळला. सरांनी टेबलावर थाप मारली. "चंदना, झाला तुझा अध्याय! अगं, प्रत्येक पत्रा मोजून घ्यायचा, हे इतकी वर्षं मला का नाही सुचलं? सृष्टीनेही हे शिकून घ्यायला हवं." आकाराम टाळ्या वाजवत होता. चंदनाला हवं होतं ते सगळं तिच्या पुढ्यात पडलं होतं. सरांचा तो आवाज, पहिल्या वर्षांतला, तोही परत आला होता. आणि तिला तो ऐकवत नव्हता.

सर आणि आकाराम आकडा वहीत उतरवायला पलीकडे गेले. सृष्टी जवळ आली. सुभेदाराची पोरगी, आवाज चढवला नाही.

"मॅडम, मंगळवारी मी विचारलं होतं तुम्हाला. पत्रे बघूया का म्हणून."

"हो."

"तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

चंदनाला कितीतरी कारणं सुचली. तिने एकही सांगितलं नाही. "माहीत होतं."

"का पण, मॅडम?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तिला पुसायचंही सुचत नव्हतं. "मी काय केलं होतं?"

"काही नाही केलंस," चंदना म्हणाली. "जळत होते तुझ्यावर. ज्या दिवशी आलीस त्या दिवसापासून."

सृष्टीने आपलं सत्त्याहत्तरचं पाकीट उचललं आणि ती बाहेर गेली. तिने सरांना काही सांगितलं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. स्ट्रॉबेरीचा हंगाम सुरू झाला तेव्हा टोपली आकारामच्या टेबलावर आली. पत्रे मोजायला ती आकारामकडूनच शिकली. पलीकडच्या खोलीतून दोघांचं हसणं ऐकू यायचं, "आवं सृष्टीताई, काटा टेकवायचा, दाबायचा न्हाई!" आणि चंदना अध्याय लिहिता लिहिता थांबायची. लाज वाटत होती तरी जळणं थांबलं नव्हतं. उलट आता आकारामवरही जळायची पाळी आली होती.

अध्याय तिने प्रामाणिकपणे लिहिला, निदान तिला तसं वाटलं. पत्रा क्रमांक एकला पूजेच्या वेळी नारळ पडून पोचा गेला, हे लिहिलं. तो पडताना लेखिकेने पाहिला, हेही लिहिलं. लिहिताना कान गरम झाले. आकार केव्हा मोजला, किती जागी मोजला, तारखेसकट लिहिलं. सरांची पद्धत अशी, की प्रबंध विद्यापीठात जाण्याआधी विभागातल्या दुसऱ्या विद्यार्थ्याने तो अक्षर न् अक्षर तपासायचा. विभागात दुसरी विद्यार्थिनी एकच होती.

तीन दिवसांनी गठ्ठा परत आला. सृष्टीने इमानेइतबारे तपासला होता. दोन ठिकाणी दशांश चुकले होते, एका आलेखावर एकक नव्हतं, सगळं पेन्सिलीने, नीट. चंदना पान उलटत उलटत एकशे सोळाव्या पानावर आली. जिथं पोच्याचा परिच्छेद संपत होता तिथं समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं:

'मॅडम, एक ओळ राहिलीय.'

पहिल्यांदा चंदनाच्या अंगाचा भडकाच उडाला. हिला पुन्हा सापडलं! मीच लिहायचं, मीच झिजायचं, आणि राहिलेली ओळ दर वेळी हिलाच सापडायची! तिने गठ्ठा मिटला, खिडकीपाशी गेली, पाणी प्यायली. बाहेर सृष्टीची स्कूटी उभी होती. परत येऊन तिने तेच पान उघडलं. कोणती ओळ ते विचारायला जायची गरज नव्हती.

तिने लॅपटॉप पुढं ओढला आणि परिच्छेदाच्या शेवटी लिहिलं, की चाचणीच्या दोन दिवस आधी सहसंशोधक सृष्टी जाधव यांनी पत्रे तपासू का असं विचारलं असता लेखिकेने त्यांना नको म्हटलं, आणि पोच्याची माहिती दिली नाही.

सरांनी सही करायच्या आधी ते पान वाचलं. म्हणाले, "ही ओळ काढलीस तरी प्रबंधाला काही फरक पडत नाही."

"राहू दे, सर," चंदना म्हणाली.

सरांनी सही केली. त्यानंतर त्यांनी तिच्या डब्यातली चटणी कधी मागितली नाही. प्रबंध कॉलेजच्या ग्रंथालयात आहे, हिरव्या पुठ्ठ्याचा, आणि एकशे सोळावं पान त्यात तसंच आहे.